मत मागायला येणाऱ्याकडून काय लिहून घ्यावे

गोवा विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ च्या आरंभी अपेक्षित आहे आणि ऑगस्ट २०२२ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदतही त्याच वर्षी संपते. म्हणजे लवकरच गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या पायरीशी कोणी ना कोणी मत मागायला उभा राहणार आहे. बायकांवर होणाऱ्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी, महिला मंडळांनी, स्वयंसहायता गटांनी आणि ज्यांना या प्रश्नाची चाड आहे अशा सर्व मतदारांनी या काळाचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यापाशी सोडून न देता उमेदवाराकडे करावी. ती मोघम न ठेवता तालुक्यातल्या एखाद्या रिकाम्या पदापर्यंत, एखाद्या इस्पितळाच्या रात्रपाळीपर्यंत नेमकी करावी, आणि ती त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावी.

असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: अशा विषयात राजकारण आणू नये. हा आक्षेप घेणारे सगळेच वाईट हेतूने बोलतात असे मी म्हणणार नाही. एखाद्या मुलीच्या दुःखावर कोणी आपली पोळी भाजून घेऊ नये ही भावना सभ्य आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. परंतु राजकारण या विषयात पूर्वीपासूनच आहे. पोलीस स्थानकात निरीक्षक म्हणून कोणाला बसवायचे, घरात हिंसा सोसणाऱ्या बाईला कायद्याची मदत मिळवून देणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचे पद स्वतंत्रपणे भरायचे की दुसऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त भार म्हणून घालायचे, वेर्णे येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेला माणसे किती द्यायची, खटला चालवायला सरकारी वकील पुरेसे आहेत की नाहीत, हे निर्णय निवडून आलेल्या माणसांच्या हातात असतात. ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांची परीक्षा पाच वर्षांतून एकदाच होते, आणि नेमक्या त्याच वेळी हा विषय बाजूला ठेवावा असे सांगितले जाते. त्याचा लाभ अत्याचार सोसणाऱ्या बाईला होत नाही, ज्याला उत्तर द्यायचे नाही त्यालाच होतो.

जुलै २०२१ ची गोष्ट पाहावी. बाणावलीच्या किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार नोंद झाली आणि विधानसभेचे अधिवेशन चालू असल्याने विषय सभागृहात आला. गृहखातेही ज्यांच्याकडे होते ते मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी उत्तरात असे सुचवले की चौदा वर्षांची मुले रात्रभर किनाऱ्यावर राहतात तेव्हा पालकांनी आत्मपरीक्षण करायला हवे. देशभर टीका झाल्यावर आपल्या बोलण्याचा विपर्यास केला गेला असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ते स्पष्टीकरण मान्य करायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. त्या घटनेनंतर सात महिन्यांच्या आत, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, गोव्यात मतदान झाले. या सात महिन्यांत बायकांसाठी आश्वासनांची चढाओढ लागली. कोणी महिना पाच हजार रुपये देऊ केले, कोणी गृह आधार या गृहिणींसाठीच्या मासिक मदत योजनेची रक्कम वाढवून देऊ केली, कोणी वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊ केले. किनाऱ्यावरची गस्त, बालकांवरील अत्याचारांच्या खटल्यांना लागणारा वेळ, रात्री इस्पितळात नेलेल्या मुलीची तपासणी कोण करणार, हे प्रश्न मात्र या चढाओढीत मला कुठे ठळकपणे दिसले नाहीत.

रोख रकमेच्या योजनांना मी नावे ठेवत नाही. २०१२ साली सुरू झालेल्या गृह आधार योजनेचे दीड हजार रुपये ज्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात तिला नवऱ्यापुढे हात पसरण्याचे प्रसंग थोडे कमी येतात, आणि मारहाण सोसत राहण्याच्या कारणांत पैशाची परावलंबिता हे एक मोठे कारण असते हे या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तरीही पैसे देणे आणि संरक्षण देणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पहिलीच्या बदल्यात दुसरी माफ करता येत नाही.

आता प्रचार प्रत्यक्षात होतो कसा ते पाहू. गोव्यात २०२२ च्या निवडणुकीत एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपासच मतदार होते, त्यामुळे उमेदवार खरोखरच घरोघर फिरतो. चार-पाच कार्यकर्ते सोबत असतात, त्यांतल्या एकाच्या हातात मतदारयादी असते, आणि अंगणात पाय ठेवण्यापूर्वीच तो उमेदवाराच्या कानाशी सांगतो, ‘ह्या घरांत पांच मतां.’ घरातला कर्ता पुरुष पुढे येतो, खुर्ची देतो, आणि सगळ्यांच्या वतीने शब्दही देऊन टाकतो. फोंडा तालुक्यातल्या अशाच एका अंगणात, उमेदवाराला ओवाळायला निरांजन घेऊन आलेल्या सुनेच्या मनगटावर मी हिरवटलेला वळ पाहिला होता. बांगड्या वर सरकवून तिने तो अर्धा झाकला होता. उमेदवार वाकून म्हणाला, ‘वयनी, लक्ष आसूं दी,’ आणि तिने मान हलवली. तिचा नवरा तिच्या मागे दोन पावलांवर उभा होता.

त्या बाईने त्या क्षणी उमेदवाराला काय विचारावे अशी आपली अपेक्षा असू शकते? काहीही नाही. तिच्या मतावर तिचा अधिकार आहे आणि मतदान गुप्त आहे, परंतु प्रश्न गुप्तपणे विचारता येत नाही, आणि ज्या घरात मार मिळतो त्याच घराच्या अंगणात उभे राहून मारहाणीबद्दल विचारणे म्हणजे त्या रात्रीला आमंत्रण देणे. म्हणून हा प्रश्न तिच्या वतीने गटाने विचारला पाहिजे, आणि तो अंगणाबाहेर, सगळ्यांच्या देखत विचारला पाहिजे. वाड्यावरच्या कोपरा सभेत पंधरा बायका एकत्र उभ्या राहून प्रश्न विचारतात तेव्हा त्यांतली मार खाणारी कोण हे कोणाला कळत नाही.

निवडणुकीचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते छापील शब्दांत फारसे येत नाही. गोवा लहान आहे. पोलीस स्थानकात तक्रार घेऊन गेलेली बाई घरी पोचायच्या आत तिच्या तक्रारीची बातमी वाड्यावर पोचलेली असते. मग पंचसदस्य येतो, पक्षाचा कार्यकर्ता येतो, कधी थेट वरून फोन जातो. ‘घरातली गोष्ट आहे, मिटवून टाका’ हे वाक्य पोलिसापेक्षा या मंडळींच्या तोंडून जास्त वेळा निघते, आणि ते पुष्कळदा चांगल्या मनाने, संसार वाचवायचा म्हणून निघते. मिटवले जाते ते एवढेच की तक्रार मागे घेतली जाते. पुढच्या वेळी ती बाई पोलीस स्थानकाची पायरी चढत नाही, कारण तिथे आपले कोण आणि त्याचे कोण हे तिला कळून चुकलेले असते. मत मागायला फिरणारी आणि तक्रार मिटवायला फिरणारी माणसे बहुतेक वेळा तीच असल्यामुळे त्यांना हा विषय काढून दाखवण्याची योग्य वेळ प्रचाराचीच आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने पहिली लेखी मागणी पैसा न लागणारी असावी: ‘बाईने किंवा मुलीने दिलेल्या हिंसेच्या तक्रारीत तडजोड घडवून आणण्यासाठी मी स्वतः किंवा माझा कार्यकर्ता पोलीस स्थानकाशी संपर्क साधणार नाही.’ ही सही द्यायला जो उमेदवार का-कू करील त्याच्याबद्दल मतदाराला पुरेशी माहिती मिळाली असे समजावे.

बाकीच्या मागण्या कायद्यातूनच निघतात, त्या नव्याने शोधाव्या लागत नाहीत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी नेमायला सांगितले आहे, अर्जाची पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. घटनेचा अहवाल तयार करण्यापासून न्यायालयाचा आदेश पाळला जातो की नाही हे पाहण्यापर्यंत त्या अधिकाऱ्याची कामे आहेत. देशात अनेक ठिकाणी हे पद दुसऱ्याच कामात बुडालेल्या अधिकाऱ्याला जोडून दिलेले आढळते. तेव्हा उमेदवाराला विचारायचे ते एवढेच: आपल्या तालुक्यात संरक्षण अधिकारी कोण, त्याच्याकडे आणखी कोणती कामे आहेत, आणि तो पूर्णवेळ असावा यासाठी तुम्ही पहिल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात काय कराल? ज्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही त्याला आठवडाभराची मुदत द्यावी, पण उत्तर घ्यावेच.

इस्पितळाचेही तसेच आहे. अत्याचार झालेल्या मुलीला किंवा बाईला तातडीने मोफत उपचार देणे सरकारी व खासगी दोन्ही इस्पितळांवर बंधनकारक आहे, आणि ‘दोन बोटांची चाचणी’ करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा कडक शब्दांत बजावले आहे. काणकोण किंवा सांगे तालुक्यातली मुलगी रात्री अकरा वाजता जवळच्या आरोग्य केंद्रात पोचली तर तिची तपासणी तिथे होईल की तिला बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) पाठवले जाईल? वाटेत तिचे कपडे कोण सांभाळील, नमुने कोण घेईल, तिच्याबरोबर महिला पोलीस असेल का? गुन्हा सिद्ध होण्या न होण्याचा फैसला पुष्कळदा या पहिल्या काही तासांतच होऊन जातो. आमदाराला रुग्णवाहिकांचे लोकार्पण करायला आवडते, तेव्हा तालुक्याच्या इस्पितळात रात्रपाळीला प्रशिक्षित डॉक्टर आणि तपासणीचा संच आहे का हे पाहण्याची जबाबदारीही त्याने घ्यावी.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. गोवा विद्यापीठातल्या २००९ च्या तक्रारींवरून निघालेले एक प्रकरण चौदा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. १२ मे २०२३ च्या त्या निकालात चौकशी घाईने व नीट संधी न देता झाली म्हणून ते पुन्हा अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीकडे पाठवण्यात आले, आणि त्याच निकालात देशभरातल्या समित्यांच्या दुरवस्थेबद्दल चिंता व्यक्त करून त्या आहेत की नाहीत हे तपासण्याचे आदेश दिले गेले. समितीला आपले काम येत नसेल तर तक्रार करणारी आणि जिच्याविरुद्ध वा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती, दोघांवरही अन्याय होतो, हे या प्रकरणातून गोव्याने तरी शिकायला हवे होते. काजूच्या कारखान्यात गर सोलणाऱ्या, हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणींच्या कामाच्या ठिकाणी दहा माणसेही नसतात, म्हणून अंतर्गत समितीही नसते. त्यांच्यासाठी कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती ठेवली आहे. त्या समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पंचायतघराच्या फलकावर लावावेत, ही मागणी पंचायत निवडणुकीतला उमेदवारसुद्धा पुरी करू शकतो. तिला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी.

खटल्यांच्या वेगाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे गोव्याचा अनुभव बोलका आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजुणे येथे एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले आणि जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. मार्च २०१७ मध्ये काणकोणात एका परदेशी तरुणीचा अत्याचार करून खून झाला, त्या खटल्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये जन्मठेप झाली. नोव्हेंबर २०१३ मधील बलात्काराच्या एका गाजलेल्या तक्रारीचा निकाल म्हापशाच्या सत्र न्यायालयात मे २०२१ मध्ये लागला. आरोपी निर्दोष सुटला, राज्य सरकारने अपील केले, आणि निकालपत्रात तक्रारदार स्त्रीची ओळख उघड होईल असे उल्लेख राहिल्याने ते वगळण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. या प्रकरणांमागे परदेशी वकिलाती होत्या, दिल्ली-लंडनची वृत्तपत्रे होती, नामांकित वकील होते. त्यांनाही आठ-अकरा वर्षे लागत असतील, तर जिची बातमी स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर चार ओळींत आली त्या केप्याच्या बाईला किती लागतील?

आणि जिची बातमीच आली नाही तिचे काय? शिरोड्याच्या महानंद नाईकला एप्रिल २००९ मध्ये अटक झाली तेव्हा गोव्याला कळले की १९९४ पासून त्याच्यावर सोळा बायकांच्या खुनांचे आरोप ठेवण्यासारखी परिस्थिती होती. बहुतेकजणी गरीब घरातल्या, लग्नाचे वय उलटत चालल्याने चिंतेत असलेल्या. लग्नाचे आमिष दाखवायचे, अंगावर सोने घालून यायला सांगायचे, आणि ओढणीने गळा आवळायचा. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, काहींत पुराव्याअभावी तो सुटला, कारण इतक्या वर्षांनी पुरावा उरतो कुठे? ज्यांच्या लेकी गेल्या त्यांतल्या कित्येकांनी बेपत्ता झाल्याची तक्रार दिली होती. ‘पळून गेली असेल’ या एका समजुतीने त्या तक्रारी एकमेकींशेजारी ठेवून कोणी वाचल्या नाहीत. त्या पंधरा वर्षांत १९९९, २००२ आणि २००७ च्या विधानसभा निवडणुका झाल्या. फोंडा आणि शिरोडा परिसरातून बायका एकामागून एक नाहीशा होत आहेत, हा विषय त्यांतल्या कुठल्याही प्रचारात आल्याचे मला आठवत नाही. त्या घरांना मते होती, पण त्यांना एकत्र बांधणारे कोणी नव्हते. बेपत्ता महिलांच्या अनिर्णित तक्रारी तालुकावार किती आहेत असा तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न दर अधिवेशनात एका आमदाराने जरी विचारला असता, तरी कोणा पोलीस अधिकाऱ्याला उत्तर तयार करण्यासाठी त्या फायली एका टेबलावर आणाव्या लागल्या असत्या.

विधानसभेतला प्रश्न ही मला सर्वांत उपयोगी मागणी वाटते. रस्ता किंवा पूल मागितला तर ‘आमचे सरकार नाही’ असे उत्तर विरोधी आमदार देऊ शकतो. प्रश्न विचारायला सरकार लागत नाही. आपल्या तालुक्यात वर्षभरात कौटुंबिक हिंसेचे अर्ज किती आले, साठ दिवसांत किती निकाली निघाले, बालकांवरील अत्याचाराचे किती खटले वर्षाहून अधिक काळ पडून आहेत, किती तक्रारी मागे घेतल्या गेल्या, हे दर अधिवेशनात विचारण्याचे लेखी वचन निवडून येणारा कोणीही पाळू शकतो, आणि पाळले की नाही हे सभागृहाच्या कामकाजावरून कोणालाही तपासता येते.

उमेदवाराच्या वैयक्तिक सहीचा एवढा आग्रह का, असा प्रश्न येईल. याचे उत्तर गोव्याच्या राजकारणाने दिलेले आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षांतर न करण्याची शपथ दिली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या अकरांपैकी आठजण भाजपमध्ये गेले. जिथे पक्षच टिकत नाही तिथे पक्षाचा जाहीरनामा कोणाला बांधून ठेवणार? सही माणसाबरोबर जाते, तो कुठल्याही बाकावर बसला तरी. देवाशप्पथ मोडणारा कागदाला काय भीक घालणार, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. कायद्याने हा कागद कोणावर बंधनकारक नाही. परंतु शपथेनंतर हिशेब मागायला गटाने संघटितपणे कोणी गेले नव्हते, आणि इथे जायचे आहे. शिवाय मागण्या मुद्दामच अशा निवडल्या आहेत की त्या मोडण्यात कोणाला मोठा लाभ नाही.

या गटांतल्या बायकांकडे बळ किती, असे विचारणाऱ्याने २०२२ चे निकाल काढून पाहावेत. सांत आंद्रेत विजयाचे अंतर ७६ मतांचे होते आणि फोंड्यात ७७. खुद्द मुख्यमंत्री साखळीतून ६६६ मतांनी निवडून आले आणि पणजीचा निकाल ७१६ मतांनी लागला. राज्याच्या मतदारयादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि त्या निवडणुकीत त्यांच्या मतदानाची टक्केवारीही पुरुषांपेक्षा जास्त होती. स्वयंसहायता गटात साधारण बारा-पंधराजणी धरल्या तर ७६ मते म्हणजे पाच-सहा गट. एवढे गट गोव्याच्या एकेका पंचायतीत सापडतात. हे गणित उमेदवारांना चांगले येते, म्हणून तर प्रचाराच्या महिन्यात हळदीकुंकवांना उधाण येते. वाणाची पिशवी घेऊन परतण्यापूर्वी तिथेच हा कागद पुढे करण्यात कोणतीही अडचण नाही.

गोव्यात हिंसा कमी आहे, मग एवढा अट्टाहास कशाला, असेही ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले, गोव्यात हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. फरक मोठा आहे आणि त्यात समाधानही आहे. परंतु आठ टक्के म्हणजे बाराजणींमागे एक, म्हणजे प्रत्येक गटात सरासरी एकजण. त्याच सर्वेक्षणात देशपातळीवर हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही असे आढळले. आपल्या गटातली ती एक कोण हे आपल्याला ठाऊक नसण्याची शक्यताच जास्त.

एक धोका मात्र खरा आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. निवडणुकीत बायकांवरच्या अत्याचाराचा विषय निघाला की गोव्यात तो फार लवकर परप्रांतीयांकडे वळतो. भाडेकरूंची पडताळणी करा, मजुरांच्या वस्त्या हटवा, एवढ्यावर सभा टाळ्या देते आणि विषय संपतो. देशाच्या गुन्हे नोंदींनुसार बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीला तर बाहेरून कोणी यावे लागत नाही. शिवाय त्या वस्त्यांतल्या बायकाही मार खातात, आणि त्यांच्या पाठीशी गावातला एकही पंचसदस्य नसतो. ज्या उमेदवाराला हा विषय कुणा समाजाविरुद्ध वापरायचा आहे त्याला व्यासपीठ देऊ नये, आणि कोणत्याही पीडितेचे नाव, गाव, छायाचित्र प्रचारात आले तर गटानेच तक्रार करावी. ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. कठोर शिक्षेच्या, फाशीच्या मागण्यांचाही मी इथे मुद्दाम समावेश केलेला नाही. त्या मागण्यांवर सही करायला प्रत्येक उमेदवार एका पायावर तयार होईल, आणि तालुक्यात त्याने काहीच बदलणार नाही.

मतपेटीतून हे काम होऊ शकते याचे दाखले आपल्याच परिसरात आहेत. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या साक्षरता वर्गातल्या बायकांनी १९९२ मध्ये दारूच्या दुकानाविरुद्ध उठाव केला, तो आंध्रभर पसरला, १९९३ मध्ये अर्क म्हणजे देशी दारूच्या विक्रीवर बंदी आली, आणि १९९४ च्या निवडणुकीत एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदीचे वचन देऊन ती जिंकली. वचन पाळलेही गेले. १९९७ मध्ये मात्र त्यांच्याच पक्षाच्या सरकारने महसुलासाठी ते मागे घेतले. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायका ‘उभी बाटली, आडवी बाटली’ अशा मतदानातून दुकाने बंद करीत आल्या आहेत, तिथे निर्णय त्यांच्याच गावात, त्यांच्याच मतांनी होतो. दारूबंदी ही गोव्याची मागणी होणार नाही, व्हावी असेही माझे म्हणणे नाही. या दोन अनुभवांतून मी एवढेच घेतो की राजधानीत एका सहीने दिलेले मोठे वचन दुसऱ्या सहीने जाते, आणि जवळचे, लहान, आपल्याला मोजता येणारे वचन अधिक टिकते.

उमेदवारी कोणाला मिळते हाही याच प्रश्नाचा भाग आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात निवडणूक सुधारणांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले ते उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिल्यास ती का दिली हे पक्षाने निवडीनंतर ४८ तासांत प्रसिद्ध करावे लागते, आणि ‘जिंकून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालत नाही. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. त्यात बायकांविरुद्धच्या गुन्ह्याचे कलम आहे का हे गटातल्या शिकलेल्या मुलीने मोबाईलवर पाहून बाकीच्यांना वाचून दाखवावे. बायका निवडून आल्या की प्रश्न आपोआप सुटेल असे मी मानत नाही. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या त्या गोव्यात २०२२ साली चाळीसपैकी तीनच महिला आमदार झाल्या, आणि तिघींचेही पती त्याच विधानसभेत होते. सही स्त्री उमेदवाराकडूनही तितक्याच आग्रहाने घ्यावी.

काम निकालाच्या दिवशी संपत नाही, खरे तर तेव्हा सुरू होते. कागदाच्या प्रती पंचायतघरात, ग्रंथालयात आणि गटाच्या कपाटात ठेवाव्यात. प्रत्येक अधिवेशनानंतर कोणते प्रश्न विचारले गेले, काय उत्तर आले, हे गटाच्या मासिक बैठकीत वाचावे, आणि वर्षातून एकदा रविवारच्या ग्रामसभेत आमदाराला बोलावून हिशेब मागावा. तो आला नाही तर त्याची गैरहजेरी इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, कारण सचिवाला ती नोंद करावी लागते आणि ती राहते. सह्या मात्र जिंकण्याची शक्यता असलेल्यापुरत्या न घेता मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांकडून घ्याव्यात. आज पडलेला उद्या जिल्हा पंचायतीत येतो, पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षातून उभा राहतो, आणि मधल्या पाच वर्षांत निवडून आलेल्याला ‘तू सही केली होतीस, त्याचे काय झाले’ असे भर सभेत विचारण्यात सर्वांत जास्त रस त्यालाच असतो.